रिकामा चौक

"ताई, ते बाकडं कापा फ्रेममधून. चौक रिकामा हवाय आपल्याला, चिटपाखरूसुद्धा नको," गाईड तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला.

"हो, कापते," ती म्हणाली. तो पुढे गेल्यावर तिने कॅमेरा मुद्दाम बोटभर डावीकडे वळवला. बाकडं आणखीच नीट आत आलं. त्यावर तिची पाच वर्षांची लेक पाय हलवत बसली होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. झोपेतही ही पोर कधी एका जागी राहिली नव्हती.

जुन्या शहरातून फोटो काढत हिंडायची ही सहल नवऱ्याने तिला वाढदिवसाला दिली होती. "पाच वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली आहेस. एक दिवस मोकळी हो," असं म्हणाला होता. मग ऐन वेळी त्याला कामावर बोलावणं आलं आणि भिंगरीही बरोबर आली. सकाळपासून तिने कमानींपेक्षा लेकीकडेच जास्त पाहिलं. गल्ल्या अरुंद, पायाखालचे दगड झिजून गुळगुळीत झालेले आणि जिकडेतिकडे पर्यटकांचे लोंढे. दर चार पावलांवर ती मागे वळायची. बारा जणांच्या गटात एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्यांना हसू आवरेना.

"अगं, इमारतींचेही काढ की दोन-चार. लेक काय पळून चालली आहे?"

गर्दीत कोणी चुकू नये म्हणून गाईडने सकाळीच प्रत्येकाच्या मनगटाला नारिंगी फीत बांधली होती. तिला ते फार पटलं. चौकात शिरल्या शिरल्या तिने लेकीला समोर उभं केलं आणि गर्दीच्या वर आवाज चढवून बजावलं, "मी दिसले नाही तर रडायचं नाही. हातावर नारिंगी फीत असलेलं माणूस शोधायचं. फीत असली की समज, आपलं माणूस."

"आणि फीत नसली तर?"

"तर कुणाबरोबर एक पाऊलही टाकायचं नाही. आणि आता माझा फोटो होईपर्यंत बाकड्यापासून हलायचं नाही. काय सांगितलं?"

"हलायचं नाही," भिंगरी म्हणाली.

शेजारी मास्तरीणबाई मनगट खाजवत होत्या. "मेली टोचते नुसती," म्हणत त्यांनी फीत सोडली आणि कारंज्याच्या कठड्यावर ठेवून दिली. तिने ते पाहिलं. ती सगळंच पाहायची. फीत उचलून पर्समध्ये टाकावी असं तिच्या मनातही आलं. पण पुन्हा हसतील, म्हणून तिने ती तिथेच राहू दिली.

गाईडने टाळी वाजवली. भर गर्दीतला चौक रिकामा कसा दाखवायचा, ही त्याची खास युक्ती होती. भिंगावर काळी काच चढवायची आणि शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं. "चालती माणसं पुसली जातात," तो म्हणाला. "थांबतं तेवढंच उमटतं. आणि कॅमेऱ्याच्या खिडकीवरून डोळा काढू नका बरं का. मागून उजेड शिरला की फोटो वाया."

बारा शटर एकदम उघडली. शटर उघडताच खिडकीतलं दृश्य गेलं आणि तिच्या डोळ्यापुढे मिट्ट काळोख झाला. ती मोजू लागली. आठ. नऊ. दहाला तिला मान वर करावीशी वाटली. एवढं काय, तिने स्वतःला दटावलं. एक फोटो. लोकांच्या बायका मुलं सांभाळून काय काय करतात. तुला एक फोटो नीट काढता येऊ नये? ती नेटाने मोजत राहिली.

"छान!" गाईड म्हणाला. "आता कॅमेरा तितकाच वेळ घेईल फोटो तयार करायला."

तिने मान वर केली. समोरून पर्यटकांचा एक मोठा घोळका चालला होता. तो संपेना. संपला तेव्हा बाकडं रिकामं होतं.

ती धावली तेव्हा ट्रायपॉड आडवा झाला, त्याचा आवाज तिला आला नाही.

संध्याकाळी पोलीस चौकीत सगळे कॅमेरे टेबलावर ओळीने मांडलेले होते. त्या अर्ध्या मिनिटात चौकात शे-दीडशे माणसं होती. अकरा फोटो मोठ्या पडद्यावर येऊन गेले. प्रत्येकात उन्हातला स्वच्छ, सुंदर, रिकामा चौक. एक माणूस नाही. गाईड खाली मान घालून बसला होता. त्याने फार चांगलं शिकवलं होतं.

"हा शेवटचा," पोलीसबाई म्हणाल्या. "खाली पडलेला."

पडद्यावर बाकडं आलं. त्याच्यापुढे भिंगरी उभी होती. नाकडोळे, झग्यावरची बटणं, सगळं लख्ख. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

"अख्खं अर्धं मिनिट?" पोलीसबाई पुटपुटल्या. "एवढीशी पोर हलली नाही?"

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "फोटो होईपर्यंत." कामावरून धावत आलेल्या नवऱ्याने तिचा खांदा धरला.

लेकीच्या शेजारी धुरकट राखाडी पट्टा होता. कुणीतरी तिथे उभं राहून सारखं इकडेतिकडे वळत असावं. ना चेहरा उमटला होता, ना अंग. उमटला होता फक्त एक हात, कारण त्याने भिंगरीचा हात धरला होता आणि भिंगरी हलत नव्हती.

पोलीसबाईंनी तो हात मोठा केला. दाराशी मास्तरीणबाईंनी आपलं रिकामं मनगट दुसऱ्या हाताने झाकून घेतलं.

पडद्यावर नारिंगी फीत होती.