दोन घरांचा गर्डर

गर्डर दोरांनी वर चढला. त्याचं एक टोक बाहेरच्या दगडी भिंतीवर नीट बसलं, दुसरं मात्र हवेतच राहिलं. ते ज्या मधल्या भिंतीत जायचं होतं, तिच्यात पाडलेल्या खाचेवर मल्हारराव पाय रोवून उभा होता.

"या भिंतीत लोखंड शिरायचं नाय," तो वरून म्हणाला.

खाली त्याचा थोरला भाऊ मुंजाबा दोर धरून उभा होता. वाटण्या झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. घर एकच, मधोमध मातीची भिंत, तिच्या दोन्ही अंगांना दोन चुली. मुंजाबाने आपल्या बाजूचं गळकं माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं जुनं छत, उतरवून गर्डर-फरशीचं छत घालायला घेतलं होतं. गर्डर थेट औरंगाबादेहून, छावणीतल्या लोखंडवाल्याकडून आणले होते.

"निम्मी भिंत माझी हाय!" मुंजाबा गरजला. दोर गड्याच्या हातात देऊन त्याने पहार उचलली.

त्याची बायको पुतळाबाई शिडीसमोर आडवी झाली. कारभारी गवंड्याकडे वळून ती म्हणाली, "कारभारी, खरं सांगा. भावजी चुकतेत का?"

कारभारीने भिंतीवर थाप मारली. "चुकत नायत. भिंत आतून निव्वळ माती हाय. गर्डरचा सगळा भार एका जाग्यावर येतो. बैठक पक्की नसली तर चिरंल."

"मग उतरवा गर्डर खाली."

"अन् उघड्यावर राहायचं का आपण?" मुंजाबा म्हणाला.

"राहू. पण छत होणार, अन् त्यांच्या भिंतीला हात न लावता होणार. काय पायजे ते सांगा, कारभारी."

कारभारीने काडीने जमिनीवर आखून दाखवलं. भिंतीलगत मुंजाबाच्या अंगाला दोन लोखंडी खांब, त्यांच्यावर एक आडवा गर्डर, आणि बाकीच्या गर्डरांची टोकं त्याच्यावर. खोली हातभर अरुंद होणार होती.

"होऊ द्या," पुतळाबाई म्हणाली. पदर खोचून तिने स्वतःच कुदळ घेतली.

खांबाचा खड्डा गुडघाभर गेला आणि भिंतीच्या बुडाची माती आपोआप घसरून आली. पुतळाबाईने वाकून हात घातला, तर तो कोपरापर्यंत आत गेला. ओलीने पाया कधीचा पोकळ झाला होता. वरून एक पोपडा सुटला. मग दुसरा. भिंतीने पोट काढलं, मधोमध फुगून आली.

"मागं व्हा!" कारभारी ओरडला.

गडी अंगणात पळाले. पुतळाबाई पलीकडच्या दाराकडे धावली. आत मल्हाररावाची बायको बानाबाई भाकरी थापत होती, पोर शेजारीच निजलं होतं.

"बाना, ऊठ! तवा राहू दे. पोराला घे अन् भाईर नीघ!" मग भिंतीवर अजून राखण करत बसलेल्या मल्हाररावाकडे बघून ती म्हणाली, "भावजी, सावकाश उतरा. उडी मारू नका."

बानाबाई पोराला छातीशी धरून अंगणात आली. मल्हारराव उतरला.

"ही भिंत गेली तर मल्हाररावाचं माळवद बसंल," कारभारी म्हणाला. "आतून तुळयांना टेके द्यायला पायजेत. आत्ता."

आत जायला कुणी पाऊल उचलेना. मुंजाबाने आपल्या उतरवलेल्या माळवदाच्या ढिगातलं एक लाकूड ओढलं, खांद्यावर घेतलं आणि भावाच्या उंबऱ्याशी पोचला. लाकडाचं मागचं टोक दारात अडकलं. मल्हाररावाने ते उचललं.

"धरलंस का?"

"धरलंय."

मग एकेक टेका उभा राहिला. मुंजाबा खालून पाचर ठोकायचा, मल्हारराव वर तुळईला हात लावून बघायचा. सगळ्या तुळयांची करकर थांबली तेव्हा दोघेही मातीने माखले होते.

कारभारीने हात झटकले. "भिंत आता उतरवावीच लागंल. पुतळाबाई, तुमच्यापुरता आडवा गर्डर हलका धकला असता. मल्हाररावाच्या तुळयाबी त्याच्यावर घ्यायच्या, तर जाड पायजे. खांबबी तसेच, पायाबी खोल. नाय तर ते त्यांचं बघतील. कोणता आणू?"

मुंजाबाने बायकोकडे बघितलं. मल्हारराव जमिनीकडे बघत होता.

"खड्डा म्या खणला," पुतळाबाई म्हणाली. "त्यांचं माळवद आता माझ्या जिवावर हाय. जाडच आणा."

जाड गर्डर आला, मातीची भिंत उतरवली. खांबांच्या पायात काँक्रीट मुरलं, वर आडवा गर्डर बसला. त्याच्या एका अंगाला मुंजाबाचे गर्डर टेकले, दुसऱ्या अंगाला मल्हाररावाच्या तुळया. टेके काढले त्या दिवशी सगळे श्वास रोखून वर बघत राहिले. काहीच हललं नाही.

भिंत नव्हती, त्यामुळं दोन्ही चुली एकमेकींना दिसत होत्या. मल्हारराव खांबावरून हात फिरवत म्हणाला, "वैनी, आता भिंत कशाला घालायची? राहू द्या की असंच."

"भिंत पायजे, भावजी. पक्क्या इटांची, वळंब्यात सरळ," पुतळाबाई म्हणाली. "भांडायलाबी आडोसा लागतो."

बानाबाईने हसू पदराआड दाबलं आणि अंगणात आणून ठेवलेल्या विटांवर पाणी मारायला घेतलं.