भेगेवरची काच

नाशिकहून वास्तुकलेचे विद्यार्थी मोखाड्याकडची आमची संस्थानकाळातली शाळा बघायला आले होते. दगडी कमान, तिच्यावर सागवानी तुळयांनी पेललेले वर्ग दाखवून मी त्यांना कमानीतल्या भेगेपाशी नेलं. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवलेली होती. “भिंत केसभर हलली तरी काच तडकते. इंजिनियर लावून गेले, त्याला चार महिने झाले. भूकंपाचे धक्केही बसले, पण बघा, तशीच्या तशी आहे!” मी अभिमानाने म्हणाले. झाडता झाडता गौरामावशी थांबल्या. “तशी कुठली, बाई? तीन येळा तडकली. पोरांच्या पायात जाईल म्हणून मीच दर येळी नवी लावली. सायबांनी जास्तीच्या दिल्या होत्या ना, त्यातली ही शेवटची.” मी निरखून पाहिलं. तिच्यावरही कोपऱ्यापासून मध्यापर्यंत बारीक रेघ उमटली होती. तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली आणि डोक्यावर सत्तर पोरं जिन्याकडे धावली.