अंतिम फेरीची थप्पड

"आत फक्त धावणारे," दारावरचा पंच म्हणाला आणि त्यानं बापाच्या छातीवर तळहात टेकवला.

शर्यतीआधी धावपटूंना ज्या खोलीत बसवतात, तिचं ते दार. आजवर बाप तिथं बिनदिक्कत शिरायचा. लेकीचा प्रशिक्षकही तोच, अडवणार कोण? आत जाऊन तो तिला उभी करायचा, पाय रोवायला लावायचा आणि कानाखाली एक सणसणीत ठेवून द्यायचा. प्राथमिक फेरीला डाव्या गालावर, अंतिम फेरीला दोन्ही. त्यानं म्हणे रक्त पायांत उतरतं. अकरा वर्षांची असताना ती मार खाऊन रडत रडत पळाली आणि पहिली आली, तेव्हापासूनचं हे शास्त्र. आता ती बावीसची होती आणि देशभरातली प्रशिक्षक मंडळी त्या थपडेबद्दल कौतुकानं बोलायची. वा रे कौतुक! स्वतःच्या गालावर खाऊन बघितली नव्हती एकानंही.

सकाळी उपांत्य फेरीआधी त्यानं अशी हाणली की तिचा ओठ आतून फाटला. साठ मीटर, सात सेकंद एकतीस शतांश. राष्ट्रीय विक्रमाच्या फक्त दोन शतांश मागं. रक्त थुंकून ती परत आली तर बाप खुशीत होता. दुपारी दोन खाल्ल्यास की झालंच म्हणून समज, म्हणाला.

आणि दुपारी हा पंच आडवा आला. नवीन नियम आहे, म्हणाला. बापानं आधी गोडीगुलाबीनं घेतलं, मग हुज्जत घातली, मग सरळ त्याची गचांडी धरली. पंच काही लेचापेचा नव्हता, गोळाफेकीतला जुना गडी. त्यानं बापाला असा रेटला की बाप मागच्या खुर्च्या घेऊन खाली आदळला. दार लागलं. मग बाहेरून दारावर लाथा बसायला लागल्या.

आत ती दाराकडे बघत उभी होती. विक्रम मोडला तर जागतिक स्पर्धेच्या संघात जागा आणि तिथला प्रशिक्षक, नाही तर आणखी एक वर्ष बापाच्या हाताखाली. आणि थप्पड खाल्ल्याशिवाय आपले पाय उचलणारच नाहीत, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. आपला हात आपल्याला लागत नाही. नखं तेवढी लागली.

कोपऱ्यातल्या बाकावर पोलिसातली बुटांच्या नाड्या आवळत होती. पोलिसांच्या संघातून पळायची, म्हणून सगळे तिला तसंच म्हणायचे. मोडायचा होता तो विक्रम हिचाच. लेक जाऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"मला एक ठेवून दे. जोरात."

पोलिसातलीनं मान वर केली. सुजलेला ओठ पाहिला, नखांचे ओरखडे पाहिले.

"चोराला हाणते मी," ती म्हणाली. "तू काय चोरलंस?"

तेवढ्यात नावं पुकारली.

बंदूक वाजली तेव्हा ती घाबरलेलीच होती. पाय ब्लॉकवरून सुटले, धावपट्टीच्या लाकडी फळ्या दणाणल्या. शेजारणीचं कोपर तिच्या दंडावर बसलं, ते तिला कळलंही नाही. बंद मैदानात साठ मीटरनंतर थांबायला जागा नसते, समोरच्या भिंतीला जाड गादी लावलेली असते आणि सगळ्या जणी तिच्यावर जाऊन आपटतात. तीही आपटली. वळून पाहिलं तर फलकावर सगळ्यात वर तिचं नाव. सात चोवीस.

पोलिसातली दुसरी आली होती. विक्रम गेला तरी तिनं हिला घट्ट मिठी मारली. लोक उभे राहिले होते, छप्पर उडेल असा कल्ला चालला होता. हिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, पायाच्या नखापासून. या फेरीआधी कोणी बोटही लावलं नव्हतं तिला. म्हणजे इतकी वर्षं एकाही थपडेची गरज नव्हती. हलणारी दाढ, रात्र रात्र ठणकणारा कान, मैत्रिणींपासून पावडर लावून लपवलेले वळ, सगळं फुकट गेलं होतं. ती त्या गादीवर गुद्दे घालत सुटली.

कठडा ओलांडून बाप धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. लेकीवर जीव होता माणसाचा, हीच तर खरी पंचाईत.

"बघ," तो म्हणाला, "सकाळचीच पुरली."

एव्हाना फोटोवाल्यांनी दोघांना घेरलं होतं. त्यातल्या एकानं ती प्रसिद्ध थप्पड होऊन जाऊ दे म्हणून गळ घातली. मारायची नाही, नुसती दाखवायची. बाप लाजला, हसला आणि त्यानं हात उगारला.

हात अर्ध्यावर असतानाच तिनं त्याचं मनगट पकडलं. पिळलं. मग वर नेलं, आणखी वर, बाप चवड्यांवर उठेपर्यंत. आत काहीतरी कटकन वाजलं. बापाचं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. कॅमेऱ्यांचे फ्लॅश धडाधड उडत होते. तिनं पकड सोडली नाही, उलट दात काढून समोर पाहत राहिली.

"हसा ना, बाबा," ती म्हणाली. "फोटो काढतायत."