सगुणाला कुणी विचारलं?

"सर, तिसऱ्या भागात सगुणाचं लग्न केशरशी लावता येईल का?"

संगमनेरच्या कॉलेजचं सभागृह एकदम फुटलं. शिट्ट्या काय, बाकांवर थापा काय! मागच्या रांगेत संस्कृतीच्या मैत्रिणीने, आरतीने, तोंडात ओढणी कोंबली. "विचारून दाखव, मग तुला मानते," असं तिनेच तर डिवचलं होतं. वर्गातला हर्षल मोबाईल वर धरून शूटिंग करत होता. संस्कृती माईक घेऊन उभीच राहिली. गेल्या वर्षी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा हिचा आवाज फुटत नव्हता.

स्टेजवर पुण्याहून आलेला लेखक होता. 'बालेकिल्ला' हा मराठी गेम त्याचा. संस्कृतीची अर्धी शाळा तो खेळायची. सगुणा त्यातली किल्लेदारीण. कुणाशी लढायचं, कुणाशी तह करायचा, सगळं खेळणाऱ्याने तिच्या वतीने ठरवायचं. दुसऱ्या भागात तिचा नवरा लढाईत पडतो, मग पुन्हा लग्न कुणाशी, तेही खेळणाऱ्यानेच ठरवायचं. केशर तोफा ओतणारी, दोन्ही भागांत सगुणाच्या पाठीशी उभी राहिलेली. पण लग्नाचे पर्याय आले की समोर नुसते मिशीवाले.

"असं आहे," लेखकाने घसा साफ केला. "नवीन पात्र असतं तर केलंही असतं. पण सगुणाला लोक इतकी वर्षं ओळखतात. तिचं लग्न झालं होतं. आता ती अचानक अशी कशी होईल?"

"अचानक कुठे, सर? पहिला भाग सुरू होतो तेव्हाच तिचं लग्न झालेलं असतं. तिला कुणी विचारलं होतं का? आम्हाला तरी बटण दिलं होतं का तुम्ही?"

पुन्हा शिट्ट्या. लेखक हसला. "विचार करतो."

"विचार नका करू, बटण द्या," असं म्हणून संस्कृती खाली बसली.

परत येताना आरतीने सायकल तिच्या सायकलीला चिकटवली.

"खरं सांग, तुझं पण तसलं काही हाय का?"

"असलं तर?"

"असलं तर काय? तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी सोडीन व्हय मी?"

"मग झालं तर. आज घरी बोलणार आहे मी. सगळं."

"बोल बाई. तुझा मामा घर डोक्यावर घेतोय का न्हाई बघ."

घरी माणसं तिघीच. संस्कृती, आई आणि पुढच्या खोलीत भाड्याने राहणारी रोहिणीमावशी. संस्कृती बालवाडीत असताना वडील गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी राहायला आली. तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. कॉम्प्युटर तिचा, आणि 'बालेकिल्ला' खेळायलाही तिनेच शिकवलं. तिच्या खाटेवर इस्त्रीच्या कपड्यांचा कायमचा ढीग असायचा, रात्रीसुद्धा. तो सरकवून दोघी शेजारी शेजारी बसायच्या आणि किल्ले जिंकायच्या.

आता ते संपणार होतं. पोरगी दहावीला आली, तिला अभ्यासाला वेगळी खोली हवी, भाडेकरीण हलवा, असं खर्डा गावच्या भागवतमामाने ठरवलं होतं. आईने होकाराची मान डोलावली होती. रविवारी टेम्पो येणार होता.

ती घरात शिरली तेव्हा मामाचा आवाज आईच्या फोनमधून बाहेर सांडत होता. हर्षलचा व्हिडिओ तिच्या सायकलीच्या आधी पोचला होता.

"सत्यशीला, बघितलं का पोरीचं? बाईचं बाईशी लगीन लावती म्हनं! गावात तोंड दाखवायची सोय न्हाई राहिली. ह्यो सगळा त्या भाडेकरनीचा नाद. रविवार न्हाई आता, उद्याच टेम्पो लावतो."

आईने फोन ठेवला.

"उद्या तर उद्या," मावशी म्हणाली आणि कॉम्प्युटरच्या वायरी सोडायला वाकली.

"तुझ्यासाठीच चाललंय हे, संस्कृती," आई म्हणाली. "अभ्यासाला जागा नको का तुला?" आवाज अगदी नेहमीचा होता. फक्त निवडलेली मेथी आणि काड्या ती एकाच पातेल्यात टाकत होती.

"वायरी सोडू नकोस, मावशी. बस इथे. आई, तूपण. मला काहीतरी सांगायचंय."

दोघी बसल्या. आईने मावशीकडे पाहिलं, मावशीने फरशीकडे.

"बोल, बाळा." आईने पदराने हात पुसले, मग पुन्हा पुसले. "तुला एखादी मुलगी आवडत असेल, तर मी रागावणार नाही. पण बाहेर बोलू नकोस गं. लोक जगू देत नाहीत."

"माझं काही नाही, आई! मला अजून गणित आवडेना, माणसं कुठून आवडणार?"

मावशीला हसू आलं. तिने ते गिळलं.

"मग सांगायचंय काय?" आईने विचारलं.

संस्कृती उठून उभी राहिली, सभागृहात राहिली होती तशी.

"मी ठरवलंय. पुढची खोली मी घेणार. मामाचा टेम्पो आला तसा रिकामा परत जाईल, कारण मावशी कुठेही जाणार नाही, आईच्या खोलीत राहील. तुम्हा दोघींना दोन खोल्या लागत नाहीत, हे मला सहावीपासून माहीत आहे."