समोरच्या खिडकीतली बोहदाना

“ब्लाझेना, आज उत्तर द्यायचंय ना गं?” बोहदानानं समोरच्या खिडकीतून ओरडून विचारलं. हातातली चादर झटकून तिनं दोरीवर टाकली. खालून चाललेल्या पर्यटकांनी माना वर केल्या. दोघातिघांनी फोटो काढले.

“हळू बोल की बाई! वर किल्ल्यात ऐकू गेलं असेल,” ब्लाझेना म्हणाली. “ये इकडे. कॉफी टाकते.”

ब्लाझेना चौऱ्याहत्तर वर्षांची होती. त्यातली एकतीस वर्षं तिनं किल्ल्याच्या दाराशी बसून पाहुण्यांना लोकरीच्या जाड सपाता दिल्या होत्या. बुटांवरून त्या चढवल्याशिवाय आतल्या लाकडी जमिनीवर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. हजारो पाय पाहिल्यामुळे आपण माणूस पायांवरून ओळखतो, असा तिचा दावा होता आणि तो ती कुणालाही खोडू देत नसे.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा एमिल गेला. त्यानंतर गल्लीही एकेक करून उठून गेली. बेकरीचं हॉटेल झालं, शिंप्याच्या घराचं हॉटेल झालं, पाद्रीबाबांच्या बहिणीच्या घरात काचेच्या बाहुल्या विकायला बसल्या. गाइड मंडळी ब्लाझेनाच्या दारापाशी थांबून पाहुण्यांना सांगत, “इथं अजून माणसं राहतात बरं का!” तिचं डोकं फिरे. ती खिडकी धाडकन लावी, आणि पाहुण्यांना तेही आवडे.

पार्दुबित्से शहरात तिची लेक रेनाता राहत होती. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होणार होत्या, आणि आई तिथं राहायला येणार की नाही, याचं उत्तर तिला हवं होतं. इकडे हॉटेलवाला क्रेइची ब्लाझेनाच्या घरावर डोळा ठेवूनच होता. एप्रिलमध्ये तिनं खोकी आणून बांधाबांधही सुरू केली होती.

मेमध्ये समोर बोहदाना राहायला आली.

“चमचाभर शहाजिरं मिळेल का हो?” म्हणून ती पहिल्यांदा दारात उभी राहिली. साठीची, गोल चेहऱ्याची, पायात झिजलेल्या पण स्वच्छ चपला. ब्लाझेनानं पाय पाहिले आणि तिला आत घेतलं. मग रोजचंच झालं. कधी बटाट्याचं सूप इकडून तिकडे, कधी आलुबुखाराचा मुरांबा तिकडून इकडे. रविवारी बोहदाना भावाकडे जाई. एरवी साडेपाचला पडदे ओढून घेई.

“इतक्या लवकर?” ब्लाझेनानं एकदा चिडवलं.

“कोंबड्यांबरोबर झोपते मी. म्हणून तर अशी टवटवीत आहे!”

जूनमध्ये ब्लाझेनानं आलुबुखाराच्या दारूची बाटली काढली. थोरलीनं पुढाकार घ्यायचा, अशी रीत. दोघींनी हातात हात अडकवून पेले रिकामे केले, एकमेकींच्या गालाचा मुका घेतला आणि त्यांच्यातलं अहो-जाहो कायमचं संपलं. एवढ्या आयुष्यात ब्लाझेनानं असा पेला जेमतेम चौघांबरोबर घेतला होता.

त्याच दुपारी तिनं एमिलचं सांगितलं. शेवटच्या वर्षी तो तिला ओळखत नव्हता. भलत्याच बाईच्या नावानं हाक मारायचा आणि ती ‘ओ’ द्यायची. दफनाच्या दिवशी तिला रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. लेकीला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. बोहदाना तिचा हात धरून बसली, आणि ब्लाझेना तीन वर्षांचं रडून मोकळी झाली.

आज बोहदाना कॉफीला आली, पण कपाला तोंड लावेना.

“काय ठरवलंस?”

“तू सांग.”

“मी कोण सांगणार? पोटची पोर आहे तुझी. जा सुखानं.” तिनं टेबलावरचे नसलेले कण झाडले. “मला आपलं वाटायचं, आता म्हातारपणी का होईना, एक मैत्रीण मिळाली.”

ब्लाझेनानं तिच्यासमोरच फोन उचलला.

“रेनाता, मी येत नाही. त्या खोल्या दुसऱ्या कुणाला देऊन टाक.”

“आई, अशी जागा पुन्हा मिळायची नाही. क्रेइचीपण थांबणार नाहीत, ते पलीकडचं घर घेताहेत.”

“ठाऊक आहे मला.”

“एकटी काय करणार आहेस तिथं?”

“एकटी कुठं? इथं माझं माणूस आहे.”

बोहदानाचे डोळे भरून आले. तिनं पातेल्यावर झाकण ठेवावं तसा ब्लाझेनाच्या हातावर आपला हात ठेवला.

लेक रुसली होती. तिची समजूत काढायला ब्लाझेना ऑक्टोबरच्या सुरुवातीला आठ दिवस पार्दुबित्सेला जाऊन आली. तळमजल्यावर एक तरुण जोडपं राहायलाही आलं होतं. रेनाता कमी बोलली. ब्लाझेनाला वाईट वाटलं, पण परतीच्या गाडीत मांडीवर खसखशीचा केक घेऊन ती चक्क गुणगुणत होती.

सोमवारी सकाळी गल्लीत शिरताच तिनं वर पाहिलं. दोरीवर चादरी वाळत होत्या. तिनं बॅगसुद्धा घरात ठेवली नाही. सरळ समोरचं दार वाजवलं.

दार चाळिशीतल्या एका अनोळखी बाईनं उघडलं.

“बोहदाना आहे का?”

“ये ना, ब्लाझेना, आत ये,” बाई तोंडभर हसली. “आपलं अगं-तुगंच आहे ना? मी यित्का. तुझी कॉफी बिनसाखरेची आणि दुधाचा थेंब, बरोबर?”

ब्लाझेना उंबऱ्यातच उभी राहिली.

“कुठं आहे ती? आजारी आहे का?”

“छे गं, ठणठणीत आहे. आणि एमिलचं तिनं मला सगळं सांगून ठेवलंय, तुला पुन्हा पहिल्यापासून सांगायला नको. पर्यटन मंडळानं आजपासून या खिडकीतली ड्यूटी मला दिलीय, दहा ते साडेपाच. बोहदानाची बदली झाली. नदीच्या वरच्या अंगाला तो दुसरा किल्ला आहे ना, तिथं एक म्हातारबाबा घर विकायला निघालेत.”