काय राहिलंय?

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. बोटीवरून कायमचा घरी परतलेल्या पांदेलिस कप्तानानं डॉक्टरांनी बंद केलेली सिगरेट शिलगावली.

"ओढू दे गं. चाळीस वर्षं संसार केला, आता काय राहिलंय?"

बायको, आर्गिरो, उठली. त्याची खलाशाची पुस्तिका आणून, बोटीवर चढल्या-उतरल्याचे शिक्के बघत तिनं मधले घरचे दिवस मांडले.

"दोन हजार दोनशे. म्हणजे सहा वर्षं, दहा दिवस."

"सहाच?" कप्तानाचा चेहरा उतरला.

"दहा दिवस तापानं झोपूनच होतात, ते धरत नाही." तिनं त्याच्या ओठांतली सिगरेट काढून कॉफीच्या गाळात चुरडली. "काय राहिलंय विचारत होतात ना, कप्तान? चौतीस वर्षं!"