कोरडी पट्टी

वस्ताद प्रायूनला पहिली नात झाली त्याच वर्षी, ऐन उन्हाळ्यात, बँकॉकहून एक डॉक्टरीणबाई घाम गोळा करायला त्याच्या तालमीत आली. मुष्टियोद्ध्यांच्या घामात कुठली अमिनो आम्लं किती असतात, हे तिला मोजायचं होतं. नाव आरुनी. प्रायूननं तिला बस म्हटलं नाही.

"घामात काय असतं ते मीच सांगतो, बाई," तो म्हणाला. "मीठ आणि कामचुकारपणा. दोन्ही बाहेर गेलेलं बरं."

तालमीतले गडी हसले.

"मीठ तर असतंच," आरुनी म्हणाली. "शिवाय सेरीन, ग्लायसीन अशी आम्लं. मांस ज्यांचं बनतं, त्यांतलीच. पण अगदी थोडी."

"म्हणजे मांसही गळतं? मग वजन आणखी लवकर उतरेल."

त्याचा भाचा थोंगदेंग अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालून उन्हात धावत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात वजन व्हायचं होतं आणि अजून किलोभर उतरायचं होतं. नाही उतरलं तर लढत गेली, आणि गावभर छाती पुढे काढून फिरलेल्या प्रायूनची अब्रूही गेली. आदल्या दिवसापासून थोंगदेंगला पाण्याची फक्त चूळ भरायची मुभा होती. तीही थुंकून टाकायची.

आरुनीनं सगळ्यांच्या पाठीवर घाम टिपायच्या पट्ट्या लावल्या. अंगाला चोळलेल्या तेलावर त्या टिकेनात. तिनं पाठी पुसून पुन्हा लावल्या.

"शास्त्र घसरलं का हो?" प्रायूननं विचारलं.

तासाभरानं ती पट्ट्या काढायला लागली. इतरांच्या चिंब होत्या. थोंगदेंग रिंगणात दोराला टेकून बसला होता. त्याची पट्टी काढून तिनं बोटांनी दाबून पाहिली.

"ही कोरडी आहे."

"मग फेका."

"वस्ताद, एवढ्या उन्हात प्लास्टिक घालून धावलेल्या माणसाला घाम नाही. अंग भट्टीसारखं तापलंय. माझी आम्लं राहू द्या. याला आधी पाणी पाजा, सावलीत निजवा."

"घाम संपला म्हणजे उतरायचं ते उतरलं. शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये?"

आरुनीनं आपली पाण्याची बाटली उघडली आणि दोरावर हात टेकून थोंगदेंगपुढे धरली. गडी दोन पावलं मागे सरले. रिंगणाला बाईचा हात लागत नसतो; लागला तर ते विटाळतं, असं मानत.

थोंगदेंगनं बाटली घेतली. मामाकडे पाहिलं. मग ती खाली ठेवली.

"मामा, एक घोट?"

"उद्या वजन झालं की हंडाभर पी." प्रायून आरुनीकडे वळला. "तुमच्या त्या ओल्या चिंध्या उचला आणि निघा."

ती गेल्यावर त्यानं मठातून मंतरलेलं पाणी आणवलं. बादल्याच्या बादल्या ओतून रिंगण धुतलं, दोर धुतले, खांब धुतले. थोंगदेंग भिंतीला टेकून पाण्याचे ओघळ मातीत जिरताना बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर त्याचं वजन बरोबर भरलं. प्रायूननं सगळ्यांना काटा दाखवला.

थोंगदेंग त्याच दुपारी, लढतीच्या आधी, वारला.